वारा पत्रा खालून उचलतो

लॉकडाऊनच्या वर्षी, जूनच्या सुरुवातीला, समुद्रावर चक्रीवादळ उठलंय आणि ते कोकणात शिरणार असं टीव्हीवर सारखं सांगत होते. आम्ही जुन्नरचे. समुद्र घाटाच्या पलीकडे, कुठच्या कुठे खाली. मी बायकोला म्हणालो, आपल्याकडे फार तर भुरभुर येईल. दुकान तसंही बंदच होतं. मी आतल्या खोलीत जाऊन आडवा झालो.

दुपारी शिवनेरीच्या मागून वारा आला. वाऱ्याशी माझी ओळख जुनी आहे. माझे वडील जुन्नरच्या बाजारपेठेत पत्र्याच्या पेट्या, धान्याची पिंपं, जनावरांना पाणी ठेवायच्या कुंड्या बनवायचे. मी पुढे वेल्डिंगचं मशीन घेतलं आणि शेड, कांद्याच्या चाळी, पॉलिहाऊस, घरांची छपरं अशी कामं करू लागलो. अर्धं आयुष्य छपरावर उभं राहून गेलंय. पण त्या दुपारचा आवाज वेगळा होता. एखादा ट्रक गल्लीत अडकून नुसता रेस करत बसावा, तसा तो थांबतच नव्हता. समोरच्या गोडाऊनचा पत्रा सुटला आणि आमच्या दारावरून गेला. आम्ही तिघं, म्हणजे मी, बायको आणि मुलगी, आतल्या भिंतीला टेकून बसलो. मुलीची बारावी नुकतीच झाली होती. तिने मला विचारलं, "अब्बा, आपला पत्रा राहील ना?" मी राहील म्हणालो, पण ते बापाचं बोलणं होतं, मिस्त्रीचं नव्हतं.

आमचा राहिला. वारा उतरल्यावर मात्र फोन सुरू झाले. नारायणगावच्या बाजूची पॉलिहाऊस आडवी झालेली, कोंबड्यांच्या शेड उडालेल्या, चाळींवरचे पत्रे रानात. प्रत्येकाला मी उद्याच यायला हवा होतो. त्या फोनांमध्ये एक फोन डोंगरातून आला.

आंबेगाव तालुक्याच्या पश्चिमेला, डिंभे धरणाच्या पाण्याच्या वर, एक लहान गाव आहे. तिथल्या एका कुटुंबाचं छप्पर मी दोन वर्षांपूर्वी घातलं होतं. ओळख झाली ती बेल्ह्याच्या बाजारात. घरधनी बैल घ्यायला आला होता आणि मी तिथे कुंड्या विकायला बसलो होतो. बोलता बोलता निघालं की माकडं त्यांच्या घराची कौलं दर वर्षी फोडतात, आता पत्रा टाकायचाय. तो माणूस कमी बोलणारा. घरातलं बोलणं सगळं त्याच्या बायकोकडे. तिला मी पहिल्या दिवसापासून मावशी म्हणत आलो, जरी वयात फार अंतर नाही.

फोनवर मावशी म्हणाली, "मिस्त्री, तुमचा पत्रा समोरच्या टेकाडावर जाऊन बसलाय. घर हाय तितंच हाय."

कुणाला लागलं का, हे मी आधी विचारलं. कुणाला लागलं नव्हतं. सगळे शेजारच्या कौलारू घरात होते. भाताचं बियाणं मात्र भिजलं होतं आणि पाऊस तोंडावर होता. मी मोठ्या गिऱ्हाइकांना थोडं थांबायला सांगितलं आणि मेव्हण्याला त्याचा टेम्पो काढायला लावला. मुलगी म्हणाली, मीही येते. कॉलेज नाही, परीक्षा नाही, घरात बसून ती कंटाळली होती. बायकोने आधी नको म्हटलं, मग डबा तिघांचा भरून दिला.

घोडेगावच्या पुढे रस्त्यात झाडंच झाडं पडलेली. लोक कुऱ्हाडी घेऊन वाट मोकळी करत होते. गावात पोचलो तर मावशी आणि तिचा नवरा शेतात पत्रे गोळा करत फिरत होते. एक पत्रा जांभळाच्या खोडाला असा गुंडाळला गेला होता की तो काढायला आम्हाला झाडाभोवती फिरावं लागलं. घराच्या भिंती धड होत्या. चूल धड होती. चुलीच्या वर आभाळ होतं, एवढंच.

मी उरलेले वासे तपासायला वर चढलो. मुलगी खाली पडलेले पत्रे उलटेपालटे करून बघत बसली. थोड्या वेळाने तिने मला हाक मारली. पत्र्याची भोकं तिने दाखवली. भोकं वरच्या बाजूला फाटली होती, आणि बोल्ट अजून वाशांतच अडकलेले होते.

"अब्बा, हा वरून दाबला गेला नाहीये. खालून उचलला गेलाय."

ते खरंच होतं. वारा दारातून आत शिरतो, त्याच वेळी छपराच्या वरून सुसाट जातो, आणि पत्रा आतून ढकलला जातो नि बाहेरून ओढला जातो. हे धंद्यातल्या सगळ्यांना कळतं. पण आमच्याकडे घराचं छप्पर करताना सगळा विचार पावसाचा असतो. पाणी कुठून गळेल, उतार किती ठेवायचा, वळचण किती पुढे काढायची. वजन खाली दाबणार, म्हणून खालून आधार. वर उडू नये म्हणून काय, हा प्रश्न गिऱ्हाईक विचारत नाही आणि मिस्त्रीही काढत नाही. इतकी वर्षं तशी वेळ आली नव्हती.

त्या दिवशी आम्ही मिळतील ते पत्रे ठोकून सरळ केले आणि बसवले. मावशीच्या नवऱ्याने दोरांना मोठे दगड बांधून ते छपरावरून दोन्ही बाजूंना सोडले. गवताच्या छपरांना पूर्वी असेच सोडायचे म्हणे. संध्याकाळी आम्ही निघालो तेव्हा मावशीने चहा केला. मी तिला म्हणालो, असं कधी पाहिलं होतं का. ती म्हणाली, पाऊस आम्हाला नवा नाही, आठ-आठ दिवस सूर्य दिसत नाही इथे. वारंही असतं. पण समुद्राचं वारं घरात येऊन बसलं, हे तिच्या सासऱ्यांच्या तोंडूनही तिने ऐकलं नव्हतं.

परतीच्या वाटेवर मुलगी खिडकीला डोकं टेकून बसली होती. मला वाटलं दमली. घोडेगाव आल्यावर म्हणाली, मला सिव्हिल घ्यायचंय. त्याआधी तिचं फार्मसीचं चाललं होतं. त्या वर्षी तिला अवसरीच्या इंजिनीअरिंग कॉलेजात जागा मिळाली.

पुढच्या वर्षी आषाढात ओढा आला.

मावशीचं गाव ओढ्याच्या काठाने वसलेलं आहे. ओढ्यावर एक फरशी होती, म्हणजे बुटका पूल, खाली सिमेंटचे पाईप टाकलेला. त्या आठवड्यात पाऊस धरून होताच. मग एका सकाळी तो असा कोसळला की समोरचं घर दिसेना. वरून मोडलेली झाडं वाहत आली आणि पाईपांच्या तोंडाला अडकली. पाण्याला वाट राहिली नाही. ते काठ सोडून भाताच्या खाचरांत शिरलं, बांध फोडत खाली गेलं, आणि खाचरांतली माती घेऊन गेलं. वरच्या उताराला भेगही पडली. दरड येईल म्हणून सगळं गाव समाजमंदिरात जाऊन बसलं. त्याचा पत्रा जुना, गंजलेला. मावशी मला नंतर सांगत होती, दरडीची भीती राहिली बाजूला, तो पत्रा असा धाडधाड आपटत होता की बाया पोरांना भिंतीकडे ढकलून स्वतः आडव्या उभ्या राहिल्या होत्या. दरड आली नाही. पत्राही कसाबसा राहिला.

आम्ही गेलो तेव्हा रस्ता तुटलेला होता, शेवटचा पट्टा चालत गेलो. मावशी आपल्या खाचरात वाकून दगड वेचत होती. जिथे गुडघाभर चिखल असायचा तिथे गोटे पसरले होते, नदीच्या पात्रात असतात तसे. तिचा नवरा टोपल्याने ते बांधाशी नेऊन टाकत होता. आम्हीही वाकलो. मेव्हण्याने टेम्पो लांब लावला होता, तो लावून मेव्हणाही कामाला लागला. माणसं काम करत असली की बोलणं सोपं जातं.

मुलीचं कॉलेज तेव्हा फोनवरच चालू होतं. पण तिने तिच्या सरांना एक प्रश्न विचारला होता, की हे वाढलंय का खरंच, का आपल्यालाच तसं वाटतं. मोठी माणसं नेहमीच म्हणतात की पूर्वीसारखं राहिलं नाही. दगड उचलता उचलता ती मला ते सांगत होती आणि मावशी ऐकत होती.

सरांनी तिला सांगितलं होतं की एका वादळावर, एका पुरावर बोट ठेवून हे हवामान बदलामुळेच झालं असं सहज म्हणता येत नाही. वादळं पूर्वीही होती, पूरही. पण हवा गरम झाली की तिच्यात वाफ जास्त मावते. आणि मावलेली वाफ कधीतरी खाली येतेच. त्यामुळे पडतो तेव्हा एकदम पडतो. अरबी समुद्राचं पाणी पूर्वीपेक्षा गरम झालंय, आणि वादळ गरम पाण्यावरच पोसतं. वर्षाचा पाऊस कदाचित तेवढाच भरेल, पण महिनाभरात पडायचा तो दोन दिवसांत ओतला जाण्याची शक्यता वाढलीय, आणि पुढेही वाढेल. सरांनी आणखी एक सांगितलं होतं, ते तिने दोनदा सांगितलं. सगळं खापर आभाळावर फोडू नका. पाईप अरुंद होते, ते आभाळाने टाकले नव्हते. रस्त्यासाठी डोंगर तासला, तो माणसांनीच तासला. पाऊस जास्त झाला तर जास्त पाण्याला वाट द्यायची, हे तर आपल्याच हातात आहे.

मावशी कमरेवर हात ठेवून उभी राहिली. तिने मुलीला विचारलं, "म्हंजे हे पुढं बी येनार?"

मुलगी म्हणाली, "हो मावशी. येईल."

"मग ते आधीच कळलं हे बरं झालं. आता काय करायचं ते सांग."

मी मुलीकडे पाहिलं. ती दुसऱ्या सेमिस्टरला होती, तिला अजून धड बीमही काढता येत नव्हता. पण तिने नाही असं म्हटलं नाही. ती म्हणाली, मला थोडा वेळ द्या. मावशीने मान हलवली आणि पुन्हा दगड वेचायला वाकली. मला आठवतं, त्या दिवशी उतरताना माझी कंबर मोडली होती, पण मन हलकं होतं. का ते तेव्हा कळलं नाही.

मुलीने वेळ घेतला तो चांगला दोन वर्षांचा. मधल्या काळात मावशीचं खाचर परत उभं राहिलं. गावाने मिळून बांध घातले, धरणाच्या कडेची गाळाची माती आणून टाकली. पहिल्या वर्षी भात नाही झाला, वरई टाकली. दुसऱ्या वर्षी भात आला, थोडा. आणि दर वर्षी पावसाआधी गावातले लोक ओढ्यात उतरून पाईपांपुढची लाकडं, काट्याकुट्या काढू लागले. त्यासाठी कुणाच्या मंजुरीची वाट पाहावी लागत नव्हती.

शेवटच्या वर्षाला मुलीने प्रोजेक्ट घेतला तो त्या समाजमंदिराच्या छपराचा. ग्रामपंचायतीने पत्रे बदलायचं ठरवलंच होतं. ती म्हणाली, नुसते बदलू नका, नीट बांधू. कामाला मी, माझा मेव्हणा, तिच्या वर्गातली काही मुलं-मुली, आणि गावातलं ज्याला जमेल तो. हिवाळ्याचे दिवस, वर गार वारा, खाली बाया चुलीवर चहा ठेवायच्या.

तिचा सगळा जोर एका गोष्टीवर होता. छप्पर भिंतीला धरून असलं पाहिजे आणि भिंत जमिनीला. मध्ये कुठेही साखळी तुटता कामा नये. म्हणून आम्ही लोखंडी कैच्यांना, म्हणजे पत्रा पेलणाऱ्या त्रिकोणी सांगाड्यांना, जाड पट्ट्या जोडल्या, त्या भिंतीतून खाली नेऊन पायाच्या काँक्रीटमध्ये पक्क्या केल्या. पत्र्याच्या कडेला, जिथे वारा पहिल्यांदा नख घालतो, तिथे स्क्रू दाट मारले. वॉशर मोठे घेतले. कैच्यांमध्ये तिरपे अँगल टाकले. मला हे काम नवीन नव्हतं, पण या विचाराने केलेलं नवीन होतं. मी नेहमी वरून खाली विचार करायचो. ती मला खालून वर विचार करायला लावत होती.

वाद झाला तो वळचणीवरून. मुलीचं म्हणणं, पत्रा भिंतीच्या बाहेर फार काढू नका, वारा त्याच्याखाली शिरतो आणि उचलतो. मावशीचा नवरा एरवी बोलत नाही, पण यावर त्याने तोंड उघडलं. त्याने सांगितलं की इथला पाऊस आडवा येतो, वळचण आखूड केली तर भिंत भिजून दोन पावसाळ्यांत बसेल. दोघंही खरं बोलत होते. काम दुपारभर थांबलं. मुलगी ओट्यावर बसून काहीतरी रेघोट्या ओढत राहिली. मी तिला डबा दिला तर तिने तो उघडला नाही. चार वाजायच्या सुमाराला ती उठली आणि म्हणाली, पडवीचं छप्पर वेगळं करू. मोठ्या छपराला ते जोडायचंच नाही. भिंत भिजणार नाही, आणि वाऱ्याने नेलंच तर पडवीचं नेईल, डोक्यावरचं राहील. मावशीच्या नवऱ्याने थोडा विचार केला आणि शिडी धरायला उठला.

ते काम झालं, तिला चांगले मार्क मिळाले, ती पास झाली. मला वाटलं, झालं एकदाचं. खरी परीक्षा पुढच्या मे महिन्यात आली.

मावशीच्या पुतणीचं लग्न होतं. आम्हाला तिघांनाही आमंत्रण होतं आणि मावशीने फोन करून बजावलं होतं की जेवायला नाही, लग्नाला यायचं. समाजमंदिरासमोरच्या मोकळ्या जागेत मांडव घातला होता, कापडाची कमान, मोठे स्पीकर. दुपारचा मुहूर्त. हवा अशी की अंगाला कपडा चिकटत होता. जेवणाची पातेली मांडवाच्या मागे चढली होती. वऱ्हाड येऊन बसलं, अंतरपाट धरला, आणि पश्चिमेकडून आभाळ काळं होऊन चढताना मला दिसलं.

माझ्या शेजारी बसलेले एक पाहुणे म्हणाले, "लागू द्या मुहूर्त, मग येऊ द्या काय यायचं ते."

ते थांबलं नाही. आधी धुळीचा लोट आला, मग मांडवाचं कापड फुगलं. माझ्या सवयीने मी कापडाकडे न बघता खांबांकडे बघितलं. खांब जमिनीतून वर यायला लागले होते. मी ओरडलो की सगळे आत चला. मुलगी तोवर दारात जाऊन उभी राहिली होती आणि बायकापोरांना आत ओढत होती. नवरी, नवरदेव, भटजी, वाजंत्री, दोन्हीकडची मंडळी समाजमंदिरात शिरली. दार लावायला चार माणसं लागली. आमच्या मागे मांडव उठला आणि गेला.

मग गारा सुरू झाल्या. पत्र्याखाली गारांचा आवाज ज्याने ऐकलाय त्याला सांगायला नको. माणूस शेजारच्याच्या कानात ओरडला तरी ऐकू येत नव्हतं. त्यात वारा. पायाखाली जमीन थरथरल्यासारखं वाटत होतं. लहान मुलं रडत होती, म्हणजे त्यांची तोंडं दिसत होती, आवाज नाही. मुलगी एका कोपऱ्यात भिंतीतून उतरलेल्या पट्टीवर हात ठेवून उभी होती, ताप बघावा तसा.

आणि मी वर बघत होतो. मला दुसरं काही सुचतच नव्हतं. एवढी माणसं, सगळी माझ्या हाताच्या कामाखाली. मी प्रत्येक कैची डोळ्यांनी चाचपत होतो. कोपऱ्यातला शेवटचा स्क्रू कुणी मारला होता, मी का मेव्हण्याने, हे आठवत होतो. माझी मान दुखायला लागली तरी खाली येत नव्हती.

कुणीतरी माझा दंड धरला. मावशी होती. तिने माझ्या कानाशी तोंड आणलं.

"मिस्त्री, वर बघू नका. लोकं तुमच्याकडं बघत्यात."

मी खाली बघितलं. खरंच, सगळं वऱ्हाड माझ्याकडे बघत होतं. छप्पर कुणी घातलं ते गावात सगळ्यांना माहीत होतं आणि पाहुण्यांना तेवढ्यात कुणीतरी सांगितलं असणार. माझ्या तोंडावर जे दिसेल, त्यावर ते घाबरायचं की नाही ते ठरवत होते. मी कसंबसं तोंड सरळ केलं. मग भिंतीला टेकून खाली बसलो, मांडी घालून, जणू चहाची वाट बघतोय. माझ्या शेजारी मावशीचा नवरा बसला. मग एक एक करून बाकीचे बसायला लागले.

बसलेल्या माणसांना बघून भटजींना धीर आला असावा. त्यांनी नवरदेवाच्या वडिलांना खूण केली आणि पुन्हा अंतरपाट धरायला लावला. मंगलाष्टका कुणालाच ऐकू आल्या नाहीत. भटजी तोंड उघडत होते आणि हात वर करून कधी अक्षता टाकायच्या ते दाखवत होते. आम्ही सगळे त्यांच्या हाताकडे बघून अक्षता टाकत होतो. माझी बायको तर एवढी रंगली की हात खाली गेला तरी टाकतच राहिली. शेवटी अंतरपाट खाली आला, माळा पडल्या, आणि कुणीतरी टाळ्या वाजवल्या. त्याही ऐकू आल्या नाहीत, दिसल्या.

थोड्या वेळाने गारा थांबल्या, मग वारा. दार उघडलं तेव्हा अंगण पांढरं झालं होतं. मांडव शेजारच्या शेतात चिंध्या होऊन पडला होता. आमटीच्या पातेल्यात गारा पडून तिचं पाणी झालं होतं. भात झाकलेला होता म्हणून वाचला, आणि बुंदी आत ठेवलेली. भात आणि बुंदी अशी पंगत बसली, समाजमंदिरातच. नवरी हसत होती, मला ते फार बरं वाटलं. पडवीचा एक पत्रा गेला होता. मोठ्या छपराचा एकही स्क्रू हलला नव्हता. मुलगी बाहेर जाऊन चारी बाजूंनी फिरून आली आणि माझ्याजवळ येऊन बसली. मी तिच्या पानात आणखी बुंदी वाढायला सांगितली.

या सगळ्याला आता काही काळ झालाय. सगळं नीट झालं असं मी म्हणणार नाही. मध्ये एकदा ऐन कापणीला पाऊस आला आणि मावशीचा कापलेला भात खाचरातच उगवला. आंब्याचा मोहोर कधी जळतो कधी गळतो. हवेचा काही भरवसा राहिला नाही हे आता सगळेच बोलतात, आणि बोलतात ते बरोबर आहे. माझी मुलगी सांगते की जगभर धूर कमी केल्याशिवाय हे मुळातून थांबायचं नाही, आणि ते काम जुन्नर-आंबेगावातल्या आमच्या लोखंडी पट्ट्यांनी होणार नाही. ती तिच्या मैत्रिणींबरोबर त्या विषयावर कॉलेजांमधून बोलायलाही जाते. पण ओढ्यावरची पाईपांची फरशी गेली आणि तिथे मोठ्या खणांचा पूल झाला. त्याला वेळ लागला, गावाने पाठपुरावा सोडला नाही. गेल्या पावसाळ्यात ओढा तसाच फुगून आला होता, झाडंही आली होती. ती खालून निघून गेली. पाणी काठातच राहिलं.

मुलगी आता मंचरला एका लहानशा ऑफिसात नोकरी करते आणि सुट्टीच्या दिवशी माझ्याबरोबर कामावर येते. पेठच्या पुढे हायवेला लागून एका शेतकऱ्याची कांद्याची चाळ आम्ही अशाच पद्धतीने केली, ती बघून त्याच्या भावकीने करून घेतली. डोंगरातल्या गावांमध्ये हिवाळ्यात आम्ही जातो आणि तिथल्याच माणसांना शिकवतो. पट्टी कशी वाकवायची, कडेला स्क्रू किती अंतरावर, पडवी वेगळी कशी ठेवायची. त्यांना आमची गरज फार दिवस लागणार नाही. मावशीच्या गावात दोघं जण आता स्वतःच ही कामं घेतात, आणि शेजारच्या खोऱ्यातूनही त्यांना बोलावणं येतं. मेव्हणा म्हणतो, आपलं गिऱ्हाईक गेलं. म्हणतो आणि त्यांना स्वतःचं ड्रिल मशीन वापरायला देऊन येतो.

परवा मावशीच्या नवऱ्याचा फोन आला. त्याने स्वतः फोन लावायची ही पहिलीच वेळ, म्हणून मी आधी घाबरलोच. त्याने तब्येत विचारली, घरच्यांची विचारली, पाऊसपाण्याचं विचारलं. शेवटी म्हणाला की पुण्याला गेलेला मुलगा बायको घेऊन गावी परत येतोय, शेती करणार म्हणतो. घर पुरणार नाही. मागच्या बाजूला एक खोली वाढवायचीय.

मी म्हणालो, या रविवारी येतो, माप घेऊ.